कल्चरमधल्या चेतापेशींची जाळी: वाढवायची कशी, रंगवायची कशी, तोडायची कशी

लॅबमध्ये नवा विद्यार्थी आला की पहिल्या आठवड्यात हमखास विचारतो, "आपण मॅट्रिक्स (पेशींभोवतीचं आधाराचं द्रव्य) कुठला वापरतो?" त्याच्या डोळ्यांसमोर फ्रीजरमधली मॅट्रिजेलची बाटली असते. ते द्रव्य उंदराच्या एका विशिष्ट गाठीपासून काढतात आणि त्यात मुख्यतः लॅमिनिन आणि चौथ्या प्रकारचं कोलॅजेन असतं. पेशींना बसायला ते चांगलं आहे, पण मेंदूत असलं कोलॅजेनचं अस्तर रक्तवाहिन्यांभोवती आणि मेंदूच्या बाहेरच्या पृष्ठभागावरच सापडतं. दोन चेतापेशींच्या मधल्या जागेत ते नसतं. तिथं जे असतं ते पेशी स्वतः विणतात आणि त्याची बाटली मिळत नाही.

म्हणून या लेखात बाटलीतल्या मॅट्रिक्सबद्दल फारसं काही नाही. उंदराच्या गर्भातून काढलेल्या चेतापेशी काचेवर तीन आठवडे वाढवल्या तर त्या स्वतःभोवती जे आवरण तयार करतात ते कसं टिकवायचं, कसं बघायचं आणि मुद्दाम कसं तोडायचं, हा विषय आहे. चेतापेशींचं साधं कल्चर, म्हणजे शरीराबाहेर काचेवर पेशी वाढवणं, ज्यांनी निदान एकदा केलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. हूडमध्ये, म्हणजे निर्जंतुक हवेच्या कपाटात, हात कसे ठेवायचे वगैरे सांगत नाही.

आधी हे आहे काय

कामिल्लो गोल्जींनी इटलीतल्या पाविया इथं १८९० च्या दशकात काही चेतापेशींभोवती जाळीदार आवरण पाहिलं आणि नोंदवलं. स्पेनचे चेताशास्त्रज्ञ काहाल यांचं म्हणणं होतं की हे खरं नाही, ऊती रंगवताना प्रथिनं गोठून झालेला हा देखावा आहे. पुढे १९०६ मध्ये दोघांना नोबेल विभागून मिळालं. चेतापेशी स्वतंत्र असतात की सलग, या मोठ्या वादात काहाल बरोबर ठरले. या छोट्या वादात मात्र बाजी गोल्जींची होती, पण जाळीकडे पुढची कित्येक दशकं फारसं कुणी वळून पाहिलं नाही.

जाळीची रचना खाटेच्या विणीसारखी डोळ्यांसमोर आणा. लांब दोऱ्या हायल्युरोननच्या. ही साखरेची साखळी पेशीच्या पडद्यातच बसलेलं एन्झाइम तयार करतं आणि तिथूनच बाहेर सोडतं. या दोऱ्यांना ॲग्रेकन, ब्रेव्हिकन, न्यूरोकन, व्हर्सिकन ही प्रथिनं चिकटतात आणि त्यांच्या अंगावर कॉन्ड्रॉइटिन सल्फेटच्या साखळ्या लोंबत असतात. गुडघेदुखीच्या गोळ्यांच्या पाकिटावर वाचलेलं कॉन्ड्रॉइटिन ते हेच. दोरी आणि प्रथिन यांची गाठ घट्ट ठेवायला लिंक प्रथिनं असतात, आणि प्रथिनांची दुसरी टोकं एकमेकांना बांधतं टेनॅसिन-आर. जाळी विणायला किमान काय लागतं हे २०१० मध्ये छान दिसलं. ज्यांचा मेंदूशी काही संबंध नाही अशा एचईके पेशींत (मानवी गर्भाच्या मूत्रपिंडापासून तयार केलेल्या) हायल्युरोनन बनवणारं एन्झाइम, एक लिंक प्रथिन आणि ॲग्रेकन घातल्यावर त्यांच्याभोवतीही जाळीसारखं आवरण तयार झालं.

कल्चरमध्ये तुम्हाला दोन गोष्टी दिसतील आणि त्यांची गल्लत होते. एक म्हणजे सगळीकडे पसरलेला विरळ मॅट्रिक्स. दुसरी, मोजक्या पेशींच्या शरीराभोवती आणि जवळच्या डेन्ड्राइटवर (संदेश घेणाऱ्या फांद्यांवर) दाटलेली जाळी, जिला पेरिन्यूरोनल नेट म्हणतात. प्रयोग कशाबद्दल आहे हे सुरुवातीलाच वहीत लिहा. पुढे मोजणीच्या वेळी याच एका वाक्यावर सगळं अडतं.

ऊती आणि परवानगी

गरोदर उंदरीण लागणार, म्हणजे संस्थेच्या ॲनिमल एथिक्स कमिटीची मंजुरी आधी लागणार. फॉर्ममध्ये किती प्राणी लागतील हे लिहिताना एका मादीतून किती कव्हरस्लिपा (पेशी वाढवायच्या पातळ काचेच्या चकत्या) निघतात याचा हिशेब द्या. कमिटी पहिलं तेच विचारते.

गर्भ १८ व्या दिवसाचा घ्या. मेंदूचे हिप्पोकॅम्पस आणि कॉर्टेक्स हे दोन्ही भाग चालतात. दाट जाळी मुख्यतः पार्व्हाल्ब्युमिन हे प्रथिन असलेल्या निरोधक चेतापेशींभोवती असते आणि या पेशी कॉर्टेक्समध्ये जन्मत नाहीत. त्या खालच्या बाजूच्या गॅन्ग्लिऑनिक एमिनन्समध्ये जन्मतात आणि आडव्या वाटेनं चालत वर येतात. पंधराव्या दिवशीच कॉर्टेक्स कापून घेतला तर पाहुणे अजून वाटेवर असतात, मग कल्चरमध्ये जाळी तरी कुणाभोवती दिसणार? अठराव्या दिवशी बरेच जण पोचलेले असतात.

मेनिंजेस, म्हणजे मेंदूवरचं पातळ आवरण, चिमट्यानं पूर्ण सोलून काढा. थोडं जरी राहिलं तरी फायब्रोब्लास्ट, म्हणजे जोडऊतीच्या पेशी, आत येतात आणि आपलं फायब्रोनेक्टिन, कोलॅजेन अंथरून बसतात. एरवीच्या कल्चरमध्ये हा किरकोळ दोष असेल, पण मॅट्रिक्सच मोजायचा असेल तेव्हा ही सरळ भेसळ आहे.

कव्हरस्लिप

१२ मिलिमीटर व्यासाच्या, ०.१७ मिलिमीटर जाडीच्या कव्हरस्लिपा घ्या. रात्रभर नायट्रिक ॲसिडमध्ये, मग शुद्ध पाण्यानं निदान आठ-दहा वेळा धुवा, वाळवा आणि ओव्हनमध्ये कोरड्या उष्णतेनं निर्जंतुक करा. "नवीन पाकीट आहे, स्वच्छच असेल" असं म्हणून हा टप्पा गाळणाऱ्यांच्या पेशी दुसऱ्या आठवड्यात गठ्ठे करून बसलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यांत एकदा मीही होतो.

लेप पॉली-डी-लायसिनचा. बोरेट बफरमध्ये, पीएच ८.५, मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम, रात्रभर ३७ अंशांवर. सकाळी निर्जंतुक पाण्यानं तीन वेळा धुवा, कारण न चिकटलेलं पॉलिलायसिन आणि उरलेलं बोरेट दोन्ही पेशींना मारक असतं. 'डी' प्रकार अशासाठी की पेशींची प्रोटीएझ एन्झाइमं 'एल' प्रकार हळूहळू खातात आणि आपल्याला तीन आठवडे काढायचे आहेत.

इथं एक अडचण आहे, आणि हाताने शिकवणारा कुणी नसेल तर ती फार उशिरा कळते. पॉलिलायसिनवर धन भार असतो आणि कॉन्ड्रॉइटिन सल्फेटवर ऋण. पेशी जो मॅट्रिक्स मीडियात, म्हणजे भोवतीच्या पोषक द्रवात, सोडतात त्यातला काही भाग पेशींना न चिकटता सरळ रिकाम्या काचेवर जाऊन बसतो. तीन आठवड्यांनी रंगवल्यावर पेशींच्या मधल्या काचेवर ठिपक्याठिपक्यांचं धुकं दिसतं आणि विद्यार्थी आनंदानं लिहितो, "विरळ मॅट्रिक्स सर्वत्र आढळला." यावर एकच उपाय. लेप दिलेली पण पेशी न टाकलेली एक कव्हरस्लिप त्याच वेलमध्ये (प्लेटमधल्या खळग्यात), त्याच मीडियात पहिल्या दिवसापासून ठेवा. तिच्यावर जे रंगेल ते पेशींच्या मधला मॅट्रिक्स नव्हे. १२ मिलिमीटरच्या दोन कव्हरस्लिपा २४ वेलच्या प्लेटमध्ये शेजारी मावत नाहीत, म्हणून या नियंत्रणासाठी, म्हणजे तुलनेच्या नमुन्यासाठी, सहा वेलची एक प्लेट वेगळी लावावी लागते.

लॅमिनिनचा दुसरा लेप बरेच जण देतात. माझं मत, देऊ नका. पेशी त्याशिवायही बसतात, आणि दिलाच तर पेशींनी स्वतः काय तयार केलं आणि तुम्ही काय ओतलं हे पुढे सांगता येत नाही.

पेशी सुट्या करणं आणि टाकणं

पपेन हे प्रथिनं तोडणारं एन्झाइम मिलिलिटरला २० युनिट, ३७ अंश, २० ते ३० मिनिटं, सोबत थोडं डीएनएझ, म्हणजे डीएनए तोडणारं एन्झाइम. मग एन्झाइम काढून अल्ब्युमिन असलेल्या द्रावणात दोनदा धुवा आणि टोक भाजून गुळगुळीत केलेल्या पाश्चर पिपेटनं दहा-पंधरा वेळा वर-खाली करा. फेस येऊ देऊ नका, फेसात पेशी मरतात. पपेन पेशींवरचं सगळं बाह्य आवरण सोलून काढतं, आणि आपल्या कामाला ते बरंच आहे. पहिल्या दिवशी पेशी जवळजवळ उघड्या असतात, तेव्हा एकविसाव्या दिवशी जे दिसेल ते काचेवर आल्यानंतर तयार झालेलं.

घनता चौरस सेंटीमीटरला साधारण ६०,००० ठेवा. २४ वेलच्या प्लेटमधल्या एका वेलचं क्षेत्रफळ सुमारे १.९ चौरस सेंटीमीटर, म्हणजे वेलमागे १,१४,००० जिवंत पेशी. अनेक जण फक्त कव्हरस्लिपचं क्षेत्रफळ धरतात, ते १.१३ आहे, पण पेशी काही कव्हरस्लिपची कड बघून खाली बसत नाहीत. फार विरळ टाकल्या तर पेशी एकमेकींशी नीट जोडल्या जात नाहीत. विद्युत हालचाल मंदावली की जाळीची घडणही मंदावते, हे हिप्पोकॅम्पसच्या कल्चरवर २००७ मध्ये दाखवलं गेलं आहे. तेव्हा विरळ कल्चरमध्ये जाळी कमी दिसली तर लगेच औषधाला श्रेय देऊ नका.

टाकताना मीडियात सीरम (रक्तद्रव) चालेल, पण तीन-चार तासांत पेशी चिकटल्या की ते पूर्ण काढून सीरमविरहित मीडियावर, म्हणजे न्यूरोबेसल, २ टक्के बी-२७ आणि ग्लुटामॅक्सवर या. सीरममध्ये फायब्रोनेक्टिन, व्हिट्रोनेक्टिन असतं, शिवाय हायल्युरोननला चिकटणारी प्रथिनंही असतात. ती राहिली तर पुन्हा तीच भेसळ.

तीन आठवडे

या काळात मुख्य काम म्हणजे हात आवरणं. मॅट्रिक्सचे बरेच घटक आधी मीडियात सुटतात आणि मग जागेवर बसतात. वेल पूर्ण रिकामी करून नवा मीडिया भरणारा माणूस आठवड्याची विणकामाची लोकर गटारात ओततो. म्हणून आठवड्यातून एकदाच, आणि फक्त अर्धा मीडिया बदला. जुना अर्धा भाग वेलच्या कडेनं, पिपेटचं टोक पृष्ठभागाजवळ ठेवून काढा. नवा ३७ अंशांवर गरम केलेला, भिंतीवरून ओघळू द्या.

ग्लियाचं, म्हणजे ॲस्ट्रोसाइटसारख्या चेतापेशींच्या साहाय्यक पेशींचं, काय करायचं हे तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठरवावं लागतं. १ ते २ मायक्रोमोलर सायटोसिन अरॅबिनोसाइड घातलं की ॲस्ट्रोसाइटची वाढ थांबते. घालावं का? ब्रेव्हिकनचा मोठा वाटा ॲस्ट्रोसाइट पुरवतात, तर ॲग्रेकन मुख्यतः चेतापेशी स्वतः बनवतात. ग्लिया जवळजवळ नसलेल्या कल्चरमध्येही जाळी होते. तेव्हा प्रश्न 'चेतापेशी एकट्या काय करतात' असा असेल तर घाला. प्रश्न मेंदूच्या जवळ जाणारा असेल तर घालू नका, पण मग प्रत्येक कव्हरस्लिपवर ग्लिया किती आहेत ते जीएफएपी हे ॲस्ट्रोसाइटचं प्रथिन रंगवून मोजा. एका प्लेटमध्ये घातलं आणि दुसरीत विसरलं, असं झालं तर त्या दोन प्लेटांची तुलना करू नका. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

पाणी उडतं, विशेषतः कडेच्या वेलमधून. कडेच्या वेलमध्ये पेशी टाकूच नका, तिथं निर्जंतुक पाणी भरा आणि प्लेट ओल्या डब्यात ठेवा. मार्च ते मेमध्ये आपल्याकडची हवा कोरडी असते, इन्क्युबेटरचा ट्रे दर दोन दिवसांनी बघा. तीन आठवड्यांत क्षार थोडेथोडे दाट होत गेले तर पेशी मरत नाहीत, फक्त नीट वाढत नाहीत, आणि कारण कधीच कळत नाही. वीज गेली आणि कार्बन डायऑक्साइडची झडप बंद पडली तर मीडिया नारिंगी-लालवरून गुलाबी-जांभळा होतो. वीज आल्यावर दार न उघडता तासभर थांबा आणि वहीत लिहून ठेवा.

साधारण अंदाज असा. पहिल्या आठवड्याअखेर रंगवलं तर फिकट, विखुरलेले ठिपके. दहाव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत काही पेशींभोवती आवरण दाटू लागतं. एकविसाव्या दिवशी नीट भोकं असलेली जाळी, तीही मोजक्याच पेशींभोवती. सातव्या दिवशी जाळी शोधणारा म्हणजे उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, आणि गुडघ्यातल्या कूर्चेत तरी ॲग्रेकन भरपूर असतं!

रंगवणं

जाळीसाठी रूढ रंग म्हणजे डब्ल्यूएफए, विस्टेरिया फ्लोरिबंडा या जपानी वेलीच्या बियांतलं लेक्टिन. ही वेल आपल्या वाल-राजम्याच्याच कुळातली. राजमा नीट शिजवल्याशिवाय खाऊ नये तो त्यातल्या लेक्टिनमुळे. लेक्टिनं साखरेच्या ठराविक टोकांना घट्ट धरतात. डब्ल्यूएफए धरतं एन-ॲसिटिलगॅलॅक्टोसामिनच्या टोकाला, आणि मेंदूत ते टोक मुख्यतः ॲग्रेकनवर सापडतं. ॲग्रेकन नसलेल्या उंदरांच्या कल्चरमध्ये हा रंग दिसेनासा होतो.

मीडिया काढून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असलेल्या कोमट पीबीएसनं (क्षारयुक्त बफरनं) दोनदा अलगद धुवा. थंड बफर ओतू नका, पेशी आक्रसतात आणि दाट कल्चरचा थर दुधावरच्या सायीसारखा एका कडेनं उचलला जातो. मग फिक्स करायला, म्हणजे पेशी आहेत तशा पक्क्या करायला, ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड, त्यात ४ टक्के साखर, खोलीच्या तापमानाला १० ते १२ मिनिटं. हायल्युरोननवर मोकळे अमिनो गट नसतात, त्यामुळे फॉर्मल्डिहाइड त्याला स्वतःला बांधत नाही. त्याला चिकटलेली प्रथिनं बांधली जातात आणि त्यांच्या आधारानं ते टिकतं. म्हणून यापुढचं प्रत्येक धुणं हलकं असावं आणि डिटर्जंट जितका उशिरा तितका बरा.

उरलेलं फॉर्मल्डिहाइड १०० मिलिमोलर ग्लायसिननं दहा मिनिटं शांत करा. ब्लॉकिंगला, म्हणजे नको तिथं रंग चिकटू नये म्हणून, ३ टक्के अल्ब्युमिन, अर्धा ते एक तास. दुधाची पावडर वापरू नका, त्यात बायोटिन असतं आणि पुढे रंग लावणारं स्ट्रेप्टाव्हिडिन बायोटिनलाच चिकटतं. सीरमही टाळा, त्यातल्या साखर लागलेल्या प्रथिनांना लेक्टिन चिकटू शकतं. बी-२७ मध्येही बायोटिन असतं, म्हणून फिक्स करण्याआधीची दोन धुणी घाईत उरकू नका.

बायोटिन लावलेलं डब्ल्यूएफए मिलिलिटरला ५ ते १० मायक्रोग्रॅम, ट्रायटन (पेशीपडद्याला भोकं पाडणारं डिटर्जंट) न घालता, दोन तास खोलीच्या तापमानाला किंवा रात्रभर ४ अंशांवर. पाच-पाच मिनिटांची तीन धुणी. मग रंग लावलेलं स्ट्रेप्टाव्हिडिन, पाऊण तास अंधारात. एवढं झाल्यावरच ०.१ टक्का ट्रायटन पाच-दहा मिनिटं द्या आणि आतल्या प्रथिनांकडे वळा, म्हणजे डेन्ड्राइट ओळखायला मॅप-२ हे प्रथिन आणि निरोधक पेशी ओळखायला पार्व्हाल्ब्युमिन. क्रम उलटा केला तर लेक्टिन पेशीच्या आत, गोल्जी यंत्रणेत तयार होत असलेल्या साखरांनाही धरतं. मग केंद्रकाशेजारी एक चमकदार गोळा दिसतो आणि तो जाळी नसतो. गोल्जींचंच नाव असलेला पेशीभाग गोल्जींच्याच जाळीला असा आडवा येतो.

नियंत्रणं चार, आणि चारही दरवेळी. लेक्टिन न घालता फक्त स्ट्रेप्टाव्हिडिन. लेक्टिन आधी २०० मिलिमोलर एन-ॲसिटिलगॅलॅक्टोसामिनमध्ये अर्धा तास ठेवून मग वापरलेलं, यात रंग जवळजवळ जायला हवा. एन्झाइमनं जाळी तोडलेली कव्हरस्लिप, तिचं पुढे सांगतो. आणि ती पेशी नसलेली लेपाची कव्हरस्लिप.

फक्त डब्ल्यूएफएवर विसंबू नका. ते ॲग्रेकनवरची विशिष्ट साखर बघतं, प्रथिन नव्हे. साखर बदलली आणि प्रथिन तिथंच राहिलं तर तुम्हाला जाळी 'गेलेली' दिसेल. सोबत ॲग्रेकनची अँटिबॉडी लावा. हायल्युरोनन बघायचं तर अँटिबॉडी नाही, कारण ही साखर सगळ्या पृष्ठवंशी प्राण्यांत तंतोतंत सारखीच असल्यानं तिच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करणं कुणाला जमत नाही. त्याऐवजी हायल्युरोननला धरणारं बायोटिनयुक्त प्रथिन मिळतं. ते वापरायचं असेल तर डब्ल्यूएफए बायोटिनचं नको, थेट फ्लोरेसिन लावलेलं घ्या, नाहीतर स्ट्रेप्टाव्हिडिनला दोघांत फरक कळत नाही.

तोडणं

जाळी काय करते हे कळायला ती तोडून बघावी लागते. २००२ मध्ये इटलीतल्या गटानं प्रौढ उंदरांच्या दृष्टी-कॉर्टेक्समध्ये कॉन्ड्रॉइटिनेझ एबीसी टोचलं, आणि बालपणीच संपलेली मानली जाणारी लवचिकता परत आली. कल्चरमध्ये हेच एन्झाइम सोप्यात सोपं हत्यार आहे.

ते प्रोटियस व्हल्गॅरिस जिवाणूपासून मिळतं आणि नाजूक असतं. पावडर आली की ०.१ टक्का अल्ब्युमिन असलेल्या बफरमध्ये विरघळवून एकेका प्रयोगापुरते भाग करून उणे ८० अंशांवर ठेवा. एकदा वितळवलेला भाग परत गोठवायचा नाही. प्रोटीएझमुक्त प्रत मागवा, ती महाग असते, पण साध्या प्रतीतल्या प्रोटीएझनं पेशींवरची प्रथिनं कापली तर मिळालेला परिणाम कशाचा हे सांगता येत नाही. जिवंत पेशींवर मिलिलिटरला ०.५ युनिट, पेशींच्याच जुन्या मीडियात, ३७ अंशांवर दोन तास. ३७ अंशांवर एन्झाइमची ताकद उतरत जाते, म्हणून 'आज घातलं, आठवडाभर चालेल' असा हिशेब करू नका. पेशीही गप्प बसत नाहीत, नवा मॅट्रिक्स सोडत राहतात. मोजायचं ते चोवीस तासांच्या आत मोजा.

नियंत्रण म्हणून उकळून मारलेलं एन्झाइम तेवढ्याच मात्रेत, किंवा पेनिसिलिनेझ (पेनिसिलिन तोडणारं एन्झाइम). नुसता बफर पुरत नाही, कारण परका जिवाणूचा पदार्थ आला म्हणूनही ग्लिया चाळवतात. मात्र तुमच्या मीडियात पेनिसिलिन असेल आणि पेनिसिलिनेझ घातलं तर काय होईल याचा एक क्षण विचार करा. आमच्याकडे तो केला गेला नव्हता, आणि शनिवारी लावलेली नियंत्रणाची प्लेट सोमवारी दुधासारखी पांढरी होती.

तुटलं की नाही हे दोन बाजूंनी तपासा. डब्ल्यूएफए उतरायला हवं. पण उतरण्याची कारणं इतरही असतात, म्हणून दुसरा पुरावा हवा. एन्झाइमनं साखळी कापली की प्रथिनावर साखरेचं एक छोटं थोटूक उरतं, आणि ते थोटूकच ओळखणाऱ्या अँटिबॉडी मिळतात, २बी६ ही त्यातली एक. डब्ल्यूएफए गेलं आणि थोटकं उजळली, तरच एन्झाइमनं काम केलं म्हणायचं.

हे एन्झाइम फक्त कॉन्ड्रॉइटिन तोडतं असंही नाही, हळू वेगानं हायल्युरोननही तोडतं. हायल्युरोननच तोडायचं असेल तर स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूचं हायल्युरोनिडेझ घ्या. वृषणापासून काढलेलं स्वस्त मिळतं, पण ते कॉन्ड्रॉइटिनही कापतं. २००९ मध्ये जर्मनीत माग्डेबुर्गच्या गटानं हिप्पोकॅम्पसच्या कल्चरमध्ये हायल्युरोनिडेझ वापरलं, तेव्हा पेशीच्या पडद्यावर सरकणारे एएमपीए रिसेप्टर (ग्लुटामेटचा संदेश पकडणारी प्रथिनं) जास्त मोकळे फिरू लागले. विरळ मॅट्रिक्ससुद्धा पडद्यावर कुंपणं घालतो, हे त्यातून कळलं. दाट जाळीच्या नादात या विरळ भागाकडे दुर्लक्ष होतं म्हणून मुद्दाम सांगितलं.

चित्रं आणि मोजणी

४० किंवा ६० पटीचं तेलाचं लेन्स, ०.३ ते ०.५ मायक्रॉनच्या अंतरानं थर. प्रकाशाची मात्रा सगळ्यात उजळ नमुन्यावर ठरवा, एकही बिंदू पांढराफटक होऊ न देता, आणि मग दिवसभर तिला हात लावू नका. कव्हरस्लिपांवर दुसऱ्याकडून सांकेतिक आकडे टाकून घ्या.

'जाळी' कशाला म्हणायचं ते चित्रं बघण्याआधी लिहून ठेवा. माझी व्याख्या अशी: पेशीच्या शरीराचा निदान तीन चतुर्थांश परीघ आणि एका तरी डेन्ड्राइटची सुरुवात सलग रंगलेली हवी. तुमची वेगळी असू शकते, पण ती मध्येच बदलता कामा नये. मेलेल्या पेशी सगळेच रंग शोषून घेतात आणि भलत्याच उजळ दिसतात. केंद्रक आक्रसून ठिपका झालेलं असेल तर ती पेशी मोजणीतून बाहेर.

आता आकडेवारीचा मुद्दा, यावरून मी लॅब मीटिंगमध्ये आवाज चढवलेला आहे. एका उंदरिणीच्या गर्भातून काढलेल्या पेशींच्या दहा कव्हरस्लिपांवर दोनशे पेशी मोजल्या तर तुमचा एन, म्हणजे स्वतंत्र नमुन्यांची संख्या, दोनशे नाही, दहाही नाही, एक आहे. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या मादीपासून केलेली निदान तीन कल्चरं लागतात, आणि तुलना प्रत्येक कल्चरच्या आत करायची. बी-२७ चा लॉट बदलला तर तेही लिहा. लॉटागणिक पेशींचा चेहरा बदलतो.

काहीच रंगलं नाही तर आधी बघा कितवा दिवस आहे, मग डब्ल्यूएफएची कुपी किती जुनी आहे, आणि मग उंदराच्या मेंदूचा एक पातळ काप त्याच द्रावणानं रंगवा. कापात कॉर्टेक्समधल्या जाळ्या ठळक उजळल्या तर द्रावण ठीक, दोष कल्चरमध्ये. कापही कोरा राहिला तर नवी कुपी मागवा. अशा तपासणीसाठी फिक्स केलेले चार-पाच काप मी फ्रीजमध्ये कायम ठेवतो.

सगळं जमलं आणि एकविसाव्या दिवसाची चांगली जाळी समोर आली की त्याच कव्हरस्लिपांतली एक बसून-प्रथिनाच्या अँटिबॉडीनं रंगवा. या प्रथिनाचं नाव खरंच त्या वाद्यावरून आहे, आणि ते चेतासंधीच्या संदेश पाठवणाऱ्या बाजूला असतं. ६० पटीच्या लेन्सखाली एकेक थर खाली उतरत जा. जाळीची भोकं रिकामी नसतात, बऱ्याच भोकांत बसूनचा एकेक ठिपका असतो. दुसऱ्या पेशींची टोकं तिथूनच आत येऊन टेकलेली असतात.